मद्यपाश आणि आप्तांचा धर्म

सायंकाळचे भजन चालू असते. टाळ-मृदंगाचा नाद सभामंडपात भरून राहिलेला असतो. आणि एखादे दिवशी एकदम ध्यानात येते की, खांबाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसणारा अमुक एक गृहस्थ कित्येक दिवसांत दिसलेला नाही. कोणी काही विचारीत नाही, कारण सर्वांना सर्व ठाऊक असते. त्याची पत्नी मात्र येते, मागच्या रांगेत बसते आणि प्रसाद घेऊन कोणाशी न बोलता लगबगीने निघून जाते. त्या माउलीचे ते लगबगीने निघून जाणे आम्ही अनेकदा पाहिले आहे. आणि दृष्टीआड करण्याचा दोषही आमच्या पदरी आहे. म्हणूनच आज या विषयावर लिहिण्याचे योजिले आहे.

प्रश्न असा की, मद्याच्या पाशात सापडलेल्या माणसाविषयी त्याच्या आप्तेष्टांचा धर्म कोणता? त्याला टाकावे, त्याला सांभाळून घ्यावे, की याहून निराळा असा काही मार्ग आहे?

वरवर पाहता आपल्या शास्त्राने निकाल देऊन टाकलेला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात जी महापातके गणिली आहेत त्यांत सुरापान हे एक आहे. आणि त्या यादीतील अखेरचे, पाचवे पातक म्हणजे अशा पातक्यांचा संसर्ग. सुरापान करणारा तर पातकी खराच, पण त्याच्याशी संगत ठेवणाराही पातकी! आपल्या घराघरांतून मद्यपी माणसाशी जो अबोला धरला जातो, त्याच्या मुलीचे लग्न जुळविताना जी कुजबुज होते, तिच्या मुळाशी हा पाचव्या पातकाचा धाक कळत नकळत असतोच. आजच्या वैद्यकाचा अनुभव तर उलट सांगतो की, संगतीवाचून हा माणूस सुटत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा?

प्रथम कायद्याचा विचार करू. मद्यच दृष्टीआड केले म्हणजे प्रश्न मिटला, असे पुष्कळांस वाटते. आपल्या मध्य प्रदेशात २०२३ साली दुकानांलगतचे पिण्याचे अहाते बंद झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी १९ धार्मिक स्थळी मद्यविक्री थांबविण्यात आली. हे चांगलेच झाले. डोळ्यांसमोरचा मोह दूर होणे हा लहान लाभ नव्हे. परंतु इंदूर त्या १९ स्थळांत नाही, आणि असते तरी प्रश्न सुटला असता काय? महाभारताच्या मौसलपर्वात याचे उत्तर आहे. कुलक्षयाची चिन्हे दिसू लागताच द्वारकेत दवंडी पिटण्यात आली की, यापुढे नगरात कोणी मद्य तयार करील तर त्याला सुळावर चढविण्यात येईल. इतका कठोर कायदा, आणि प्रत्यक्ष श्रीकृष्ण नगरात! तरीही तेच यादव प्रभासक्षेत्री जाताच मनसोक्त प्याले. सात्यकी आणि कृतवर्मा यांनी युद्धातील जुनी शल्ये उकरून काढली आणि भावांनी भावांना मारले. राजाज्ञेने मद्याचे रांजण रिकामे होतात. मनात साचलेले शल्य रिकामे होत नाही, आणि मनुष्य वेस ओलांडताच पुन्हा तेथेच जातो.

बरे, कायदा अपुरा असेल तर प्रेम तरी पुरेसे आहे काय? याचे उत्तर मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षाच्या जानेवारीत गडकरी निवर्तले होते. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी दोन पिढ्यांनी अश्रू ढाळले. पण त्या अश्रूंच्या भरात एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली. सिंधूच्या प्रेमात काय उणे होते? काहीच नाही. ती दळण दळते, माहेरच्या सुखाकडे पाठ फिरविते, आणि पतीच्या हातून प्राणांतिक आघात झाला तरी त्याचे नाव घेत नाही. तिच्या त्यागाने सुधाकर वाचला नाही. मूल गेले, ती गेली, तोही गेला. सिंधूला दोष देण्याचे पाप आमच्या हातून न घडो. तिच्या काळी तिला दुसरा मार्ग कोणी दाखविलाच नव्हता. तथापि आजच्या सिंधूंना तिचा आदर्श म्हणून उपदेश करणे हे मात्र पाप आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. जे प्रेम पतीचे अपराध झाकते, त्याच्या कचेरीत आजारपणाचा खोटा निरोप धाडते, त्याचे कर्ज गुपचूप फेडते, ते आपल्या नकळत माणसाचे रक्षण न करता मद्याचे रक्षण करीत असते.

त्याच नाटकात दुसराही एक प्रसंग आहे, आणि तो समाजाला अधिक लागू आहे. मध्यंतरी सुधाकर खरोखरच मद्य सोडतो. कसलीही नोकरी मिळावी म्हणून जुन्या परिचितांकडे जातो. सारे त्याला अपमानित करून परत धाडतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. पहिला पेला त्याला तळीरामाने दिला. हा दुसरा कोणी दिला? आम्हांस वाटते, दारे बंद करणाऱ्या सभ्य गृहस्थांनी.

मग कायदाही अपुरा आणि प्रेमही अपुरे, तर उपाय कोणता? उपाय आहे, आणि तो आपल्याच माणसांनी घडविला आहे. पुण्याच्या येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले आणि त्यांनी या कार्यास आर्थिक साहाय्य दिले. डॉ. अनिता अवचट १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली निवर्तले. पण केंद्राचे कार्य त्यांच्या कन्येच्या नेतृत्वाखाली चालू आहे. तेथे सुमारे पाच आठवडे राहावे लागते. औषधोपचार आरंभी असतात. पुढचा भर असतो तो योग, श्रम, समूहात मन मोकळे करणे आणि व्यसनाविषयीचे वर्ग यांवर. व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसे तेथे कार्यकर्ते म्हणून नव्यांचा हात धरतात. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. सिंधू एकटी जात्यावर बसून रडत होती. येथे दहा सिंधू एकत्र बसतात, बोलतात, शिकतात. सिंधू ते सहचरी हा प्रवास मराठी स्त्रीने केला, यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले.

एका मद्यपीचा हात दुसऱ्याने धरावा, हे तत्त्व जगातही असेच अनुभवातून सापडले. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील गृहस्थ ॲक्रन या परगावी कामात अपयश येऊन बसला असता त्याला पिण्याची अनिवार इच्छा झाली. ती टाळण्यासाठी त्याने दुसरा मद्यपी शोधला. तो डॉ. बॉब स्मिथ, एक शल्यविशारद. दोघे बोलत राहिले, दोघेही वाचले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. बिल उपदेश करण्यास गेला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी गेला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडेही आदिपर्वातील शुक्राचार्यांची कथा पाहा. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळली आणि ते मद्य आचार्यांना पाजले. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी मद्याविषयी कडक मर्यादा घालून दिली. ही मर्यादा कोणा सोवळ्या माणसाने घातली नाही; मद्याने ज्याच्याच पोटात शिष्याची राख नेली, त्या अनुभवी पुरुषाने घातली. म्हणूनच तिला वजन आहे.

आता ज्ञानाविषयी. व्यसनाच्या वर्गात शिकवितात तरी काय, असा प्रश्न वाचक करतील. काही गोष्टी येथेच सांगतो, कारण त्या प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. पहिली, ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा भ्रम. पाच टक्के तीव्रतेच्या ६५० मि.लि.च्या एका बाटलीत सुमारे ३२ मि.लि. मद्यार्क असतो, ६० मि.लि. व्हिस्कीत सुमारे २५. दुसरी, कॉफी पाजल्याने किंवा थंड पाण्याने न्हाऊ घातल्याने नशा लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच संथ गतीने काम करते. तिसरी, आणि देवळात येणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची: अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला देवापुढे शपथ घालून, खोलीत कोंडून एकाएकी मद्य तोडावयास लावणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे हे घडते, आणि प्रसंगी प्राणावर बेतते. शपथ अवश्य घ्यावी. पण प्रथम डॉक्टरांकडे जावे. चौथी, पुन्हा एकदा पाय घसरला म्हणजे सर्व व्यर्थ गेले असे नव्हे. पुनःपतन हा या विकाराचा परिचित टप्पा आहे, आणि त्या वेळी तोंड फिरविण्याऐवजी तत्काळ उपचाराकडे नेले पाहिजे.

येथे एक आक्षेप येतो. मद्यासक्ती हा विकार मानला तर मनुष्याची जबाबदारी संपलीच! ‘मी काय करू, मला रोग आहे,’ असे म्हणण्यास तो मोकळा. हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. मधुमेह झाला यात रोग्याचा अपराध नसतो. पथ्य पाळणे ही मात्र त्याचीच जबाबदारी असते. पाश पडला याबद्दल निंदा नको, पाश सोडविण्याच्या श्रमातून सुटकाही नको. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. अभ्यास म्हणजे रोज, पुन्हा पुन्हा. व्यसनमुक्त माणसे ‘आजचा दिवस’ एवढाच संकल्प करतात, तो हाच अभ्यास होय.

दुसरा आक्षेप आमच्या शेजारच्याच क्षेत्रातून येतो. उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो, मग मद्य निषिद्ध कसे? देवतेच्या उपासनेची परंपरा हा श्रद्धेचा विषय आहे, आणि तिचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. पण जे देवाला वाहिले ते आपण सोडले, असाही नैवेद्याचा अर्थ आहे. ज्याला एका घोटाने पाश पडतो त्याच्या ओठाला तो घोट प्रसाद म्हणून लावणे हे प्रेमही नव्हे आणि भक्तीही नव्हे.

हा प्रश्न कोणा चार घरांचा आहे, असे समजू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि सुमारे पावणेसहा कोटींना त्याबाबत साहाय्याची गरज आहे. मद्यावर अवलंबून झालेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतो. उरलेल्या सदतिसांना कोण भेटते? घरचे लोक, शेजारी, आणि देवळातील आपण.

एक प्रसंग सांगून आवरते घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ उपचार घेऊन परतले आणि भजनाला आले. पूर्वी पखवाजाशी बसणारा तो माणूस त्या दिवशी पादत्राणांजवळ, दाराशी बसला. आम्ही पाहिले, आणि पाहिले न पाहिलेसे केले. इतक्यात एका वृद्ध बाईंनी उठून आपल्या हातातले टाळ त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, ‘अहो, पुढे या; ठेका चुकतोय.’ ते पुढे आले. त्यानंतरही त्यांचा पाय एकदा घसरला. पुन्हा उपचार झाले, पुन्हा ते आले. आज ते कोठे बसतात हे सांगण्याचे कारण नाही, कारण आता ते कोणी पाहत नाही. सर्व ठेका ऐकतात.

त्या बाईंनी पाचवे पातक केले काय? आमचा निर्णय असा: मद्याच्या बैठकीतील संगत हा संसर्ग; मद्य सुटावे म्हणून दिलेली संगत ही सेवा. पहिली टाळावी, दुसरी टाळू नये. म्हणून वाचकहो, आपल्या घरच्या लग्नमुंजीत आणि मेजवानीत मद्याला स्थान देऊ नका. व्यसनी आप्ताला रोख उसने देऊ नका, पण जेवायला बोलवा. मारहाण होत असेल तर ‘घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नका. त्या स्त्रीला आणि मुलांना प्रथम सुरक्षित ठिकाणी न्या. डॉक्टरांकडे जाताना सोबत चला. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी-सेवा ठाऊक असू द्या. आणि परतलेल्या माणसाला काम द्या, जागा द्या.

मागच्या रांगेतून लगबगीने निघून जाणारी ती माउली पुढच्या एकादशीस पुन्हा येईल. या वेळी तिला थांबवून, हलक्या आवाजात, ‘आम्ही येऊ का बरोबर?’ एवढे विचारण्याचे धैर्य आपणा सर्वांस देव देवो.