गोळी आणि माळ

ओळखीतल्या एखाद्या घरातला मुलगा ड्रग्जमधून बाहेर पडतोय असं कळलं, की चौकशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात एक प्रश्न हमखास येतो. "पण म्हणजे तो अजून गोळ्यांवरच आहे ना?" विचारणारा माणूस वाईट नसतो, त्याला खरोखर काळजी असते. पण त्या 'वरच'मधल्या 'च'मध्ये एक अख्खा नीतिविचार दडलेला आहे. रोज औषध घेऊन जो नशेपासून दूर राहतो, तो सुटला असं म्हणायचं का? की एक व्यसन सोडून त्याने दुसरं धरलं? या प्रश्नाचं उत्तर तुम्ही काय देता, यावर तुमच्या घरात किंवा शेजारच्या घरात एखादा जीव राहतो की जातो हे ठरू शकतं, म्हणून त्याचा जरा नीट विचार करू.

आपण राहतो त्या अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा बराच खाली आला, तरी तो ऐंशी हजारांच्या आसपास होता. यातल्या बहुतेक मृत्यूंत फेंटानिल होतं. त्याचे काही मिलिग्रॅमसुद्धा जीव घेतात, आणि पार्टीत कोणीतरी 'परीक्षेच्या ताणावर घे' म्हणून दिलेल्या बनावट गोळीतही ते असू शकतं. दारूचं काम संथ असतं, पण तिची गिऱ्हाइकं आपल्यात अधिक आहेत. चांगल्या नोकरीतला, शनिवारच्या मैफिलीत सगळ्यांना हवाहवासा वाटणारा आणि सोमवारी सकाळी हात थरथरणारा एखादा तरी गृहस्थ तुम्हाला आठवेलच.

हे प्रकरण घरात उघड झालं, की आपल्याला एकच शब्द सुचतो: रिहॅब. त्या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं. ते काही दिवसांचं काम आहे आणि तो उपचार नव्हे, उपचाराचा उंबरठा आहे. पण हा उंबरठा घरच्या घरी ओलांडू नये. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली, तर त्याला फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि हे जिवावरही बेतू शकतं. म्हणजे आपल्याला जी सर्वांत धीराची कृती वाटते, तीच वैद्यकीय दृष्टीने सर्वांत धोक्याची. ओपिऑइड्सचं उलट आहे. हेरॉइन, फेंटानिल किंवा दुखण्यावरच्या कडक गोळ्या बंद केल्या की माणूस अक्षरशः लोळतो, मरण बरं म्हणतो, पण त्या हालांनी सहसा मरत नाही. खरा धोका नंतर असतो. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वी जेवढं पचत होतं तेवढंच पुन्हा घेतलं तर श्वास थांबतो. औषधाशिवाय चार आठवडे 'स्वच्छ' राहून घरी परतलेला मुलगा गेला त्या दिवसापेक्षा आला त्या दिवशी अधिक धोक्यात असतो. त्याच दिवशी आपण घरी पेढे आणतो.

डिटॉक्सच्या पुढे निवासी केंद्रं आहेत, आठवड्यातून तीन-चार दिवस काही तास जाऊन घरी राहण्याचे कार्यक्रम आहेत, समुपदेशन आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आहे, १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन गावात सुरू झालेलं. तिथे फी नाही आणि आडनावही विचारत नाहीत. २०२० साली कॉक्रेनने जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएची वाट इतर मानसोपचारांइतकीच, काही ठिकाणी त्यांहून सरस ठरली. कोकेन आणि मेथसाठी मान्यताप्राप्त औषध अजून नाही. तिथे जी पद्धत सर्वांत चांगली चालते ती ऐकून आपल्याकडची वडीलधारी माणसं चपापतील: लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटंसं बक्षीस. "वाईट वागणं सोडायला बक्षीस कसलं?" हा प्रश्न आणि गोळ्यांचा प्रश्न सख्खी भावंडं आहेत.

दारूसाठी इथे तीन मान्य औषधं आहेत. डायसल्फिरॅम सर्वांत जुनं, १९५१चं. ते घेऊन प्यायलं तर भयंकर त्रास होतो, त्यामुळे माणूस भीतीने लांब राहतो. नॅलट्रेक्झोन १९९४चं. ते तलफ कमी करतं आणि प्यायलं तरी पूर्वीची मजा येऊ देत नाही. रोजची गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन अशा दोन्ही रूपांत मिळतं, पण ओपिऑइड घेणाऱ्याला ते तसंच देता येत नाही, आधी ओपिऑइड शरीरातून पूर्ण जावं लागतं. तिसरं अकॅम्प्रोसेट, २००४चं. नेहमीचा फॅमिली डॉक्टर ही लिहून देऊ शकतो. यांनी चमत्कार होत नाही, गुण बेताचाच येतो, पण येतो. तरीही ज्यांना गरज आहे त्यांतल्या शंभरात दोघा-तिघांच्याच पोटात ती जातात. मला यात औषधाच्या मर्यादेपेक्षा आपल्या लाजेचा वाटा मोठा दिसतो.

ओपिऑइड्सच्या बाबतीत गुण बेताचा नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली मेथाडोनवरचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. ते औषध आजही खास क्लिनिकमधूनच घ्यावं लागतं, सुरुवातीला जवळजवळ रोज रांगेत उभं राहून. ब्युप्रेनॉर्फिन इथे २००२ पासून आहे. ते लिहून देण्यासाठी डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची, ती अट २०२२च्या अखेरीस गेली. या दोहोंपैकी एखादं औषध चालू असताना मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास येतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. औषध मध्येच सुटलं की धोका परत चढतो. फ्रान्सने १९९५-९६ मध्ये साध्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली, आणि १९९९ पर्यंत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

इतकं असूनही आपल्याला ते 'खरं' का वाटत नाही? व्यसनाविषयीच्या आपल्या कल्पना मला वाटतं बऱ्याच अंशी गडकऱ्यांनी घडवल्या. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार वकील, दुखावलेला अहंकार, तळीरामाची संगत, पहिला घोट, आणि मग उतरण. सिंधू सोसत राहते. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडायचं ठरवतोही, पण जग त्याला उभं करत नाही आणि तो परत त्याच प्याल्याकडे जातो. या नाटकात वाचवणारं काही असेल तर ते एकच: निश्चय. तो मोडला की संपलं. तेव्हा दुसरं साधन नव्हतंच, त्यामुळे गडकऱ्यांना काय बोल लावणार? पण शंभर वर्षांनी, औषधाच्या दुकानापासून पाच मिनिटांवर राहूनही आपण मुलाकडे तेवढंच मागतो.

डॉक्टर यावर म्हणतात, मधुमेहाला जसं इन्शुलिन तसं हे. मला ही उपमा निम्मीच पटते. मधुमेही माणूस आईच्या पाटल्या विकत नाही. तो खोटं बोलून बहिणीकडून पैसे उकळत नाही, लेकराला गाडीत बसवून नशेत चालवत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना 'हा फक्त आजार आहे' असं सांगितलं, की त्यांच्या भोगण्याचा हिशेबच कोणी पुसून टाकल्यासारखा वाटतो. त्यांचा राग खरा आहे आणि त्याला जागा हवी.

पण याच ठिकाणी आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: उपचार आणि प्रायश्चित्त. मनात कुठेतरी वाटत असतं, याने आपल्याला एवढं छळलं, आता थोडं सोसू दे की. गोळी घेऊन त्याचे हाल कमी झाले, तर तो फुकटात सुटला असं वाटतं. प्रायश्चित्त जरूर असावं, पण ते माणसांचं देणं आहे. पाटल्यांचे पैसे, बहिणीची क्षमा, मुलाला दिलेला शब्द पाळणं, हे सगळं फेडायला तो आधी जिवंत आणि ताळ्यावर असावा लागतो. अंथरुणात तडफडत काढलेल्या रात्रींनी यातलं एकही देणं फिटत नाही. मग जबाबदारी कशात? माझ्या मते दर महिन्याला डॉक्टरकडे हजर राहण्यात, तपासणी देण्यात, घसरला तर त्याच दिवशी सांगण्यात. हेही सोपं नसतं, फक्त त्यात नाट्य नसतं.

"पण तो अवलंबून तर राहिलाच ना?" राहिला. ब्युप्रेनॉर्फिन एकदम बंद केलं तर त्रास होतो, त्याचा गैरवापर होऊ शकतो, ते विकलंही जातं. मेथाडोनच्या रांगेत उभं राहून नोकरी सांभाळणं ही तर तारेवरची कसरत असते. पण अवलंबून असणं आणि व्यसन यांत फरक आहे. व्यसन म्हणजे सगळं जळत असताना तेच करत राहणं. डोस स्थिर झालेल्या माणसाला त्या गोळीने कैफ चढत नाही. तो कामावर जातो, भाचीच्या नाचाला वेळेवर पोचतो. आणि कशाचीच गरज नसणं हेच स्वातंत्र्य असेल, तर ते संन्याशांचं. आपण चष्म्यावर, थायरॉइडच्या गोळीवर आणि चारच्या चहावर उभे असलेले गृहस्थ आहोत.

आता आपल्याकडची माळ आठवा. गावाकडे कितीतरी घरांत म्हातारी माणसं सांगतात, अमक्याने माळ घातली आणि दारू सुटली. तुळशीची माळ गळ्यात आली की मांस-मद्य वर्ज्य, एकादशी आली, दिंडीतली माणसं आली, वारी आली. तो माणूस एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडत नाही. एक बाहेरची वस्तू तो अंगावर रोज बाळगतो, आणि ती उतरवली तर काय होईल हे त्यालाही ठाऊक असतं. गावाला ती कुबडी वाटत नाही. त्याला कोणी विचारत नाही, "माळ कधी काढणार?" गोळी पेशींवर काम करते आणि माळ मनावर, हे खरं. पण ज्याचा तोल जातो त्याने आधार घ्यावा, आणि तो जन्मभर घेतला तरी त्यात उणेपणा नाही, हे शहाणपण आपल्याकडे आधीपासून आहे. ते आपण फक्त औषधाच्या दुकानाच्या दारात विसरतो.

परदेशातल्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी दोन फाटे फुटतात. एक, मुलाला 'सुधारायला' भारतात पाठवणं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने उभं केलं, आणि तिथे बरे झालेले लोकच नव्यांना हात देतात. असं काम पाहून भरवसा वाटणं स्वाभाविक आहे. पण इथल्या मुलाचं परत येणं इथेच असतं: त्याच मित्रांत, त्याच फेंटानिलच्या बाजारात, आणि सवय मोडलेल्या शरीराने. पाठवायचंच असेल तर परतीच्या तिकिटाआधी इथल्या डॉक्टरची वेळ घ्या आणि औषध पहिल्या दिवसापासून कसं मिळेल ते ठरवा. 'तळ गाठू दे, मग शहाणा होईल' हा सल्ला दारूच्या काळातला आहे. फेंटानिलच्या तळाला जाऊन कोणी शहाणं होत नाही.

दुसरा फाटा व्हिसाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर गुन्हा सिद्ध होण्याआधीही व्हिसा रद्द होऊ शकतो. ग्रीनकार्डच्या वैद्यकीय तपासणीत नशेबद्दल विचारतात, आणि गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो नाही. या भीतीने लोक उपचारच टाळतात. पण व्यसनमुक्तीच्या नोंदींना इथल्या केंद्र सरकारच्या नियमांत नेहमीच्या वैद्यकीय नोंदींहून कडक संरक्षण आहे. मालकाला किंवा पोलिसांना त्या सहजासहजी दाखवता येत नाहीत. इमिग्रेशनच्या वकिलाशी एक तास बोला, खोटं उत्तर लिहू नका, आणि उपचार पुढे ढकलू नका. मंडळातल्या कुजबुजीपासून मात्र कुठलाही नियम वाचवत नाही. ते काम तुमचं-माझं.

आणि "किती दिवस घ्यायचं?" याला ठरलेली मुदत नाही. काहींचं वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होतं, काहींचं चालू राहतं. तो निर्णय घेणारा आणि डॉक्टर मिळून घेतात. काकाने किंवा सासऱ्याने दिवाळीच्या फराळाच्या ताटावर घ्यायचा तो नाही. घरात असा कोणी असेल, किंवा कॉलेजात जाणारी मुलं असतील, तर नॅलोक्झोनचा नाकात मारायचा फवारा आणून ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. ओपिऑइडने श्वास मंदावलेल्या माणसाला तो मिनिटांत परत आणू शकतो, पण त्याचा असर ओसरतो, म्हणून ९११ला फोन करायचाच. कुठे ठेवलाय ते घरातल्या सगळ्यांना सांगा, भारतातून राहायला आलेल्या आजी-आजोबांनासुद्धा. दुपारी घरात तेच असतात.