न पाहिलेला चेहरा

भय कुणालाच नको असते, तरीही माणूस ते हौसेने मागून घेतो. नानीकडे जिन्नाची गोष्ट आपण पुन्हा पुन्हा मागत होतो. आजची मुले तेच भय मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर शोधतात. त्यांना नुसते दटावून भागत नाही. या खेळातून ती काय शिकतात, हे आपण पाहिले पाहिजे.

‘स्लेंडर’ नावाच्या खेळाचेच पाहा. तो २०१२ साली मार्क हॅडली यांनी तयार केला आणि फुकट उपलब्ध करून दिला. त्यामागे ना मोठी कंपनी होती, ना भांडवल. रात्रीचे जंगल, हातात टॉर्च आणि झाडांवर, भिंतींवर चिकटवलेले आठ कागद. ते गोळा करायचे. मागे काळ्या सुटातला एक उंच माणूस लागलेला असतो. त्याला चेहराच नाही. काहींना हा खेळ ओबडधोबड, एकसुरी वाटला. पण जितके कमी दिसते तितकी भीती जास्त, याचा अनुभव बहुतेकांना आला. खेळताना किंचाळणाऱ्यांची चित्रणे लोकांनी हसत हसत पाहिली.

या खेळाचा एक नियम विचार करायला लावतो. त्या माणसाकडे पाहत राहिलात तर पडदा खरखरू लागतो आणि तुमचा शेवट होतो. जगायचे असेल तर नजर फिरवा!

हे पात्र २००९ साली एका चित्रस्पर्धेसाठी कल्पनेतून रचलेले. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याला खूश करण्यासाठी आपल्याच मैत्रिणीवर चाकूने वार केले. ती वाचली. न्यायालयाने त्या दोघींना मनोरुग्ण ठरवले. त्यामुळे सगळा दोष पात्रावर किंवा खेळावर टाकणे न्यायाचे होणार नाही. लाखो मुले खेळतात आणि झोपी जातात. माझी चिंता वेगळी आहे. खेळातला तो नियम आपण मोठी माणसेच रोजच्या जगण्यात पाळतो.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात सूरजागड आहे. शहरातले नातेवाईक विचारतात, “त्या जंगलात तुम्ही राहता तरी कसे?” त्यांच्या डोळ्यांसमोर खेळातलेच जंगल असते. तिथल्या माडिया माणसाला मात्र जंगल म्हणजे मोह, तेंदू, बांबू आणि जानेवारीतली ठाकूरदेवाची यात्रा. त्याला भय वाटले ते माणसांचे. अनेक वर्षे एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूलाही बंदूक. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथे लोहखनिजाच्या वाहतुकीचे डझनावारी ट्रक जाळले. ते भय बटण दाबून बंद करता येत नव्हते. बाहेरच्यांना मात्र फक्त ‘नक्षली भाग’ दिसला. माणसाचा चेहरा कुणी पाहिलाच नाही.

आपल्या मोहल्ल्यांविषयी असेच बोलले जाते तेव्हा आपल्याला वेदना होतात. त्या रास्त आहेत. पण आपणही कुणाकुणाचा चेहरा पाहायचे टाळले आहे, हे स्वतःला विचारायला नको का? ज्याला बिनचेहऱ्याचे ठरवले जाते, त्याच्यावर अन्याय करणे सोपे जाते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दूत ओळखीला ‘तआरुफ’ म्हणतात. मुलांना भयाचा खेळ खुशाल खेळू द्यावा. मात्र खेळ संपल्यावर त्यांना एवढे सांगावे, की नजर फिरवण्याचा नियम पडद्यापुरताच आहे. बाहेरच्या जगात तआरुफ झाला की बरीचशी भीती गळून पडते.