पाकिटावरचे पुण्य

तौफिक मथलुथी या ट्युनिशियात जन्मलेल्या फ्रेंच उद्योजकाने 2002 साली ‘मक्का कोला’ बाजारात आणला. अमेरिकन कोलाला पर्याय म्हणून आलेल्या या पेयासोबत एक जाहीर वचन होते : नफ्यातले 10 टक्के पॅलेस्टाइनमधल्या मुलांसाठी. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डर्बी शहरातून ‘किब्ला कोला’ निघाला, त्याचेही वचन 10 टक्क्यांचेच. 2005 मध्ये ही कंपनी डबघाईला आली. दान नफ्याला बांधले की नफा नसलेल्या वर्षी दानही नाही. जाहिरात मात्र पहिल्या बाटलीपासून चालू असते.

हलाल उद्योगाला अशा सामाजिक कार्याचे आकर्षण का वाटते, हे समजण्यासारखे आहे. हलाल प्रमाणपत्र आज बहुतेक स्पर्धकांकडे असते, त्यामुळे त्या शिक्क्याने दुकानात वेगळेपणा दिसत नाही. मग धर्माशी नाते सांगणारी दुसरी खूण हवी, आणि अनाथालय, शिष्यवृत्ती, रमजानमधले इफ्तार यांहून सोपी खूण कोणती? यात झकातही बेमालूम मिसळली जाते. वास्तविक झकात हे कर्तव्य आहे. वर्षभर बाळगलेल्या संपत्तीवर साधारण अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची ते आठ वर्गही ठरलेले. तिला कंपनीची उदारता म्हणून मिरवणे म्हणजे आयकर भरला म्हणून चौकात फलक लावण्यासारखे.

मार्केटिंगवाल्यांची खरी पंचाईत पुढे आहे. कुराण उघड दानाला नावे ठेवत नाही, पण गुपचूप गरिबाच्या हाती दिलेले अधिक चांगले मानते. दिल्यावर उपकाराची आठवण करून दिली, तर ते दान फुकट गेले असेही बजावते. गुप्तदानाची महती ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे परके वाटणार नाही. आपल्या कंपनी कायद्यानेही, सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावताना, 2021 च्या नियमांत एक पाचर मारून ठेवली : मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्या खर्चात धरायचे नाही. आता पाचर चुकवणारेही असतातच, तो भाग वेगळा.

तरी दाखवणे हाच दोष, असे मला वाटत नाही. मलेशियातल्या जोहोर कॉर्पोरेशनने 2006 मध्ये आपल्या कंपन्यांचे शेअर वक्फ केले, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमचे देऊन टाकले. त्या उत्पन्नाच्या आधाराने ‘वक्फ अन-नूर’ दवाखाने चालतात. तिथे पाच रिंगिट घेऊन उपचार होतात आणि रुग्णाचा धर्म विचारत नाहीत. नाव झळकते, महामंडळाची प्रतिमा उजळते, सगळे खरे. पण वक्फ केलेली वस्तू परत घेता येत नाही. यंदा मंदी आहे, दवाखान्याचे पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणायची सोय दात्याने स्वतःच काढून टाकली. या प्रसिद्धीची किंमत आधी मोजलेली आहे.

माझी शंका दानाच्या अलीकडची आहे. हलाल तपासणीचा भर घटकपदार्थ, कत्तल, साठवण, भांड्यांची शुद्धता यांवर असतो. कुराणात मात्र ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यिब’ येतो : निर्मळ, चांगले. माल पिकवणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दात मावायला हवा. मलेशियाचे पामतेल अनेक हलाल बिस्किटांत आणि साबणांत असते. 2020 मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने तिथल्या एफजीव्ही आणि सायम डार्बी प्लांटेशन या दोन मोठ्या कंपन्यांचे पामतेल बंदरातच अडवायचा हुकूम काढला. वेठबिगारीच्या खुणा दिसतात, असे कारण दिले. मळ्यांवरचे मजूर बहुतांशी परदेशी, नोकरी मिळावी म्हणून दलालांना पैसे देऊन कर्जात बुडून आलेले. आणि सायम डार्बीच्या नावाचे प्रतिष्ठान 1982 पासून शिष्यवृत्त्या देत होते!

त्या शिष्यवृत्त्या खोट्या नव्हत्या. त्यांवर शिकलेली मुलेही खरी. म्हणूनच दान हा पडदा फार प्रभावी ठरतो, त्यामागे काही असेल असे वाटतच नाही. पुढे सायम डार्बीने मजुरांना भरतीचे शुल्क परत केले आणि 2023 मध्ये तिच्यावरचा अमेरिकी हुकूम उठला. माझ्या हिशेबी या सगळ्यात सर्वांत ‘तय्यिब’ खर्च हाच. पण तो पाकिटावर छापायचा तर मजुराला नोकरीसाठी आधी पैसे मोजावे लागले होते, हेही छापावे लागेल.