तांडेलाचे गणित

अलिबागच्या कोळीवाड्यात एखाद्या वृद्ध तांडेलाशी संभाषणाचा योग ज्यास येतो, त्यास समुद्राविषयीचे आपले पुस्तकी ज्ञान तूर्त दप्तरदाखल करून ठेवावे लागते. कारण तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीस सुमारे तीन वाजता आणि अष्टमीस सहाच्या सुमारास कुलाबा किल्ल्याची वाट जलमय असावयाची, हा हिशेब तो जाळे शिवता शिवता, घड्याळाकडे दृष्टिक्षेपही न करता सांगतो. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी लांबते, हे त्यामागील मर्म. शेजारी टोपली सावरणारी कोळीण मात्र मध्येच विचारते, "हिशोब तुजा, पन म्हावरा कोन इकनार?" या हजरजबाबीपणाचे मला तर गणिताहूनही अधिक कौतुक वाटते.