पिंगला दारात उभी आहे





गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात चौथ्या दिवशी मी अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी शरकाराची कथा सांगितली. तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी मंदिरात होते. बाण घासून सरळ करणारा तो कारागीर. दारावरून राजाची स्वारी गेली तरी त्याने मान वर केली नाही. नागपूरची माणसं समोर बसलेली, तेव्हा उदाहरणही नागपूरचंच दिलं. आपला ओजस देवतळे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला, तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत त्याने 150 पैकी 150 गुण घेतले. एकूण एक बाण दहाच्या वर्तुळात. वय एकवीस. मी म्हणालो, शरकार पाहायचा असेल तर भागवत उघडायलाच पाहिजे असं नाही, हा आपल्या शहरात वाढला. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

आरती झाली, प्रसाद झाला. मंडप रिकामा होत असताना एक गृहस्थ चपला हातात घेऊन माझ्याजवळ आले. खापरखेड्याच्या बाजूचे. म्हणाले, "महाराज, एक विचारू का? रागवसान नाही ना?"

"विचारा की."

"तुमचा तो बाणवाला गुरू होते, मंग माया पोट्टा काऊन गुरू होत नाही? त्याची माय तीनदा आवाज देते, त्याले ऐकू येत नाही. ताट थंडं होते, त्याले समजत नाही. घरात राजा आला तरी तो मोबाईलमधून मान वर करणार नाही. एकाग्रताच आहे ना हे?"

माझी टाळीची धुंदी तिथल्या तिथे उतरली. मंडळी, पंचवीस वर्षं मी ही कथा सांगतोय. असा प्रश्न कोणी केला नव्हता.

मुलगा अठराव्या वर्षात. वेगवान गोलंदाज. आपल्याकडे त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांपुढे उमेश यादव असतो. वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या माणसाचा मुलगा भारताकडून कसोटी खेळला, ही तिकडे पुराणातली गोष्ट नाही, शेजारच्या घरातली आहे. या मुलाच्याही खांद्यात देवाने वेग दिलेला. चौदाव्या वर्षी नाव झालं. मग 2020 ची टाळेबंदी आली, मैदानं बंद पडली, आणि शाळेच्या ऑनलाईन वर्गासाठी म्हणून बापाने हप्त्यावर मोबाईल घेतला. वर्ग संपले. मोबाईल राहिला. विमानातून शंभर जण उड्या मारतात आणि शेवटी जो जिवंत उरतो तो जिंकतो, तो खेळ. आधी रात्री अकरापर्यंत, मग एक, मग तीन. सकाळी साडेपाचला सराव. पळण्याच्या चाचणीत मुलगा मागे पडू लागला, पाठ धरू लागली, आणि उन्हाळ्यातल्या निवड शिबिराच्या यादीत नाव आलं नाही. प्रशिक्षकांनी सरळ सांगितलं, एक वर्ष आहे, वयोगट ओलांडला की याच्यामागे दहा जण उभे आहेत.

वडिलांनी त्या रात्री मोबाईल भिंतीवर आपटला. मुलगा दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या मोबाईलवर खेळताना सापडला.

मी त्यांना म्हणालो, उत्तर उद्या देतो. खरं म्हणजे उत्तर नव्हतं.

घरी येऊन एकनाथी भागवत काढलं. गंमत बघा, शरकाराला मूळ भागवताने एक श्लोक दिलाय. आणि त्याच्या आधीच्या, म्हणजे आठव्या अध्यायात, पिंगलेला वीसहून जास्त. हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. का, तेही सांगतो. पिंगला ही विदेहनगरीची वारांगना. समोर लेकीसुना, पोरंबाळं बसलेली असतात, आपण जरा संकोचतो, दोन वाक्यांत तिला उरकतो आणि कुरर पक्ष्याकडे वळतो. मीही तेच करत आलो. चोवीसातल्या एका गुरूला मी इतकी वर्षं दारातच उभं ठेवलं.

तिची गोष्ट तशी लहान आहे. संध्याकाळी नटूनथटून ती दारात उभी राहते. रस्त्याने कोणी येताना दिसला की वाटतं, हा श्रीमंत असणार, हा भरपूर देणार. तो निघून जातो. मग वाटतं, पुढचा येईल. आत जाते, पुन्हा बाहेर येते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मध्यरात्र होते. झोप नाही. तोंड सुकलेलं. आता यात सुख कुठे आहे, सांगा. त्या रात्री तिला काहीही मिळालेलं नाही. भोगाने नाही, पुढच्याच्या आशेने तिला जागं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतलं. उंच पोरगं, डोळ्यांखाली काळं, उपदेश ऐकायच्या तयारीने खाली मान घालून बसलेलं. मी उपदेश केला नाही. विचारलं, "बापा, रात्री किती डाव होतात?"

"पंधरा-वीस."

"मजा किती डावांत येते?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पहिल्या दोन-तीन. मंग नाही येत. मंग डोकंच दुखते."

"मग कायले खेळतो?"

"वाटते, पुढचा जिंकीन. मंग झोपीन."

पिंगलेचं वाक्य हे. मी त्याला तिची गोष्ट सांगितली, काही न गाळता. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "काका, तिची तर रँकच वाढत नव्हती."

त्याच्याकडून मी तो खेळ समजून घेतला, कारण न समजता शिव्या देणं सोपं असतं. शंभरात एक जिंकतो, म्हणजे नव्व्याण्णव जणांना पुन्हा दारात यावंसं वाटणार, ही रचना आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. पेटी उघडली की कधी भारी वस्तू निघते, बहुतेक वेळा काही नाही. कधी मिळेल ते ठरलेलं नसतं, म्हणूनच हात सुटत नाही. विदेहनगरीतला रस्ता तरी आपोआप वाहत होता. इथे पगारी हुशार माणसं बसून तो रस्ता वाहता ठेवतात. आपल्या पोरात संयम नाही म्हणून नुसतं त्याला बदडणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली. लक्षणं तीन: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं, दिवाळीच्या सुट्टीत पोर चार दिवस खेळलं म्हणून त्याला रोगी ठरवू नये. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी 2014 पासून वेगळा दवाखाना चालतो. मुलगा खाणंपिणं सोडतो, जिवाचं बरंवाईट बोलतो, अशा वेळी प्रवचनकाराकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा. अंगारा लावायचा तर दवाखान्यात जाताना लावा.

आणि हे फक्त आपल्या गरीब घरांत घडतं असं नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये जोएल झुमाया नावाचा गोलंदाज होता, आग ओकणारा हात. 2006 च्या हंगामात अगदी ऐन मोक्याच्या मालिकेत तो तीन सामने बाहेर बसला. मनगट आणि कोपराखालचा हात सुजलेला. संघाच्या लोकांनी शोध घेतला तर कारण निघालं, खोटी गिटार वाजवण्याचा व्हिडिओ गेम. त्याच देशात 2022 मध्ये कायलर मरे या फुटबॉलपटूशी त्याच्या संघाने 23 कोटी डॉलरहून मोठा करार केला. त्यात आठवड्याला चार तास स्वतंत्र अभ्यासाचं कलम होतं, आणि त्या वेळात व्हिडिओ गेम खेळत असाल तर तो अभ्यास धरला जाणार नाही असंही लिहिलेलं. लोक हसले, संघाने काही दिवसांत कलम मागे घेतलं. त्या खेळाडूला व्यसन होतं असं मी म्हणत नाही. पण एवढा पैसा ओतणाऱ्यांनाही कशाची धास्ती वाटली, ते बघा.

तर वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. त्या संध्याकाळी मी ते जाहीरपणे दिलं. शरकारानेही हाक ऐकली नाही, पोरानेही ऐकली नाही, बाहेरून दोघं सारखे दिसतात. पण शरकाराने मान वर केली तेव्हा हातात सरळ झालेला बाण होता, आणि बाण झाला की तो थांबू शकत होता. पिंगलेला थांबता येत नव्हतं, कारण तिचं काम कधी पुरं होणारंच नव्हतं. पडद्याचाही दोष नाही. आपली दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आजचे बुद्धिबळपटू काय कमी तास पडद्यासमोर बसतात? उठताना हातात काय असतं, एवढं विचारायचं.

वडील तेव्हाही गप्प बसले नाहीत. "मंग फोडला ते बरोबर का चूक?"

याचं सरळ उत्तर माझ्याकडे आजही नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी तो नव्या नावाने परत आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलं झालं, पण या मुलाचा खेळ त्यात बसत नाही. एक दार बंद केलं की पिंगला दुसऱ्या दारात जाते. दुसरीकडे गोपीचंद सरांचं बघा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी तीन महिने सिंधूचा फोन तिच्याजवळ नव्हता. रौप्यपदक आलं आणि सर म्हणाले, आता तिचा फोन परत देतो. तिथे गुरूने फोन ठेवून घेतला, फोडला नाही, आणि शिष्येने ठेवू दिला. माझ्या मते सगळं या 'ठेवू दिला'त आहे. पिंगलेलाही कोणी आत ओढलं नाही. तिला स्वतःची कीव आली, ती आत गेली.

मुलाने आपणच ठरवलं, रात्री नऊला मोबाईल प्रशिक्षकांच्या घरी ठेवायचा, सकाळी सरावाला गेल्यावर घ्यायचा. मी मध्ये पडलो नाही. पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड, घाम, भांडणं. झोप येईना, कारण झोपायची सवयच मोडलेली. या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, गाढ झोपेत शरीर स्नायूंची डागडुजी करतं. जागरण करून धावणारा वेगवान गोलंदाज पाठीचं हाड मोडून घेतो, हे प्रशिक्षकांनी त्याला मणक्याचं चित्र काढून समजावलं. माझ्या पिंगलेपेक्षा ते चित्र जास्त कामाला आलं असेल, मला वाईट वाटत नाही. होळीला तो घसरला, चार रात्री. परत आपणच फोन नेऊन दिला.

यंदाच्या उन्हाळ्यात शिबिरात नाव आलं. संघात आलं नाही. आता वरच्या वयोगटात धडपड चालू आहे, काय होईल ते दत्तमहाराज जाणोत.

आणि माझं काय? त्याने एकदा विचारलंच, "काका, तुमी रात्री मोबाईल पाहत नाही?" माझी प्रवचनं नातवाने यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली तेव्हापासून मी झोपण्याआधी किती जणांनी पाहिलं ते बघतो. आकडा बघून मोबाईल ठेवतो, दिवा मालवतो, पुन्हा उचलतो. सदुसष्टाव्या वर्षी. आत जातो, बाहेर येतो. आता माझा मोबाईलही नऊला सूनबाईंकडे जातो, आणि पहिले काही दिवस मी तिच्यावरही खेकसलो, हे लिहायलाच हवं.

तो मुलगा दर गुरुवारी रात्रीच्या आरतीला यायचा. परवाच्या गुरुवारी आला नाही. मनात नको ते आलं. आरती आटोपून त्याच्या वडिलांना फोन लावला. साडेनऊ झाले होते. ते एकदम हळू आवाजात बोलले, "महाराज, तो झोपला. उठवू का?"

मी म्हणालो, "नका उठवू."