वर्गाबाहेरचा नमुना

परीक्षा जवळ आली की पुण्यातल्या मानसशास्त्राच्या मुलामुलींची व्हॉट्सअ‍ॅपवर विनवणी सुरू होते: "प्लीज फॉर्म भरा, पाचच मिनिटं लागतील." विषय बहुधा ताण, चिंता नाहीतर एकाकीपणा. वय, लिंग, शाखा विचारलेली असते. गाव, मातृभाषा, जात, धर्म मात्र गाळलेले. कशाला वाद, असं गाईडचं म्हणणं. फॉर्म भरणारे मित्र आणि मित्रांचे मित्र. शेवटी शिफारस ठरलेली: वेळेचं नियोजन करा, ध्यान करा.

ज्याला राहायला खोलीच मिळत नाही त्याने कसलं नियोजन करायचं? फोनवर एजंट म्हणतो, खोली रिकामी आहे. दारात मणिपुरी चेहरा दिसला किंवा काश्मिरी आडनाव कळलं, की "अहो, कालच गेली." ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, अफवा पसरल्या आणि अनेकांनी गुवाहाटीची गाडी गाठली. २०२० मध्ये त्याच चेहऱ्यांना लोक 'कोरोना' म्हणू लागले. लांब कशाला, नांदेडचा मुलगा पेठेतल्या अभ्यासिकेत तोंड उघडतो तेव्हाही कुणीतरी हसतंच. अशा मुलाचा चिंतेचा आकडा चढला की आपण 'समायोजन कमी' लिहून मोकळे होतो. आगळीक शहराची, दोष मुलाच्या माथी.

पुण्याला तरी अवघड प्रश्न गाळण्याचा हा भित्रेपणा शोभत नाही. ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, हे फिशरना दाखवून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गाईडच्या मनाविरुद्ध, परक्या देशात! (पुढे त्यांनी इथल्या जातींचीही शरीरमापं घेतली, त्यावर वाद घालायला जागा आहे.)

आता चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला वेळ आहे. अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ मध्ये रोजच्या भेदभावाची छोटी प्रश्नावली मांडली: हॉटेलात तुम्हाला वाईट सेवा मिळते का, लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का. ती जशीच्या तशी उचलू नये. घर बघताना आडनाव विचारलं का, मेसमध्ये जेवणावरून टोमणा बसला का, असे इथले प्रश्न घालावेत, आणि ते ठरवायला इंफाळची, श्रीनगरची, नांदेडची मुलं बसवावीत. जात-धर्म सांगायचा की नाही ही ज्याची त्याची मर्जी, नाव कुठेच नको. उत्तर देताना कुणी कोलमडलं तर समुपदेशकाचा नंबर हाताशी हवा.

निष्कर्ष परीक्षकांइतकेच हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्यांपुढेही ठेवावेत. तिथल्या कित्येकांची मुलं या घटकेला बोस्टन नाहीतर म्युनिकमध्ये खोली शोधत असतील.