फोनमधले दोन हजार सहाशे फोटो

माझ्या फोनमध्ये दोन हजार सहाशे फोटो आहेत, आणि त्यातल्या एकातही मी नाही. सगळे जुन्या कागदांचे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाचे अहवाल, तारा, पत्रं. हे कागद आहेत लंडनला, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात. मी विज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी करतोय. नवख्या संशोधकांना मिळणाऱ्या प्रवास-अनुदानावर मला तिथे तीन आठवडे बसता आलं.

मध्यंतरी याच विषयावर काम करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. 'दादा, भायखळा तुरुंगाचे तुझ्याकडचे फोटो मिळतील का? मला अनुदान नाही मिळालं.'

मी मेसेज वाचला. ब्लू टिक गेली. दोन दिवस उत्तर दिलं नाही.

विषय असा आहे. हाफकिनने प्लेगची लस मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली. 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. कैदी स्वतःहून पुढे आले, अशी नोंद आहे. पण कोठडीत बंद असलेल्या माणसाच्या 'हो'चा अर्थ काय धरायचा? हाच प्रश्न तिचाही आहे, माझाही.

म्हणूनच मी गप्प होतो. तिने आधी छापलं तर? कागद मी मेहनतीने मिळवलेत, असं स्वतःला सांगत होतो.

मग प्रामाणिकपणे हिशोब मांडला. अर्ज इंग्रजीत होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शिफारसपत्र हवं होतं. माझ्या गाइडची बाहेर ओळख होती. अनुदानाचे पैसे परत आल्यावर, बिलं दिली की मिळणार होते. म्हणजे तिकीट, व्हिसाची फी, राहण्याचा खर्च आधी खिशातून. ते पैसे काकांनी दिले. व्हिसासाठी बँक स्टेटमेंट लागतं, तेही त्यामुळेच बरं दिसलं. मेहनत मी केली, खोटं नाही. पण ती करायची संधी मिळाली, त्यात काकांच्या बचत खात्याचा वाटा मोठा होता.

आणखी एक गोष्ट टोचत राहिली. त्या काळी इंडिया ऑफिसचा खर्च भारताच्या महसुलातून जायचा. 1919 च्या कायद्यापर्यंत खुद्द भारतमंत्र्याचा पगारसुद्धा. ज्यांच्या शेतसाऱ्यावर ही दफ्तरं उभी राहिली, त्यांच्या पणतवंडांना ती बघायला आज अनुदान लागतं. आणि त्यातल्या एकाला ते मिळालं, की तो कागदांवर मालकासारखा बसतो. हे माझ्याबद्दलच आहे.

उलट बाजूही आहे. शोधण्याचे कष्ट माझे आहेत. फोटो फक्त वैयक्तिक संशोधनासाठी काढू देतात. ते वाटत सुटणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. पण खरं सांगू? नियम आठवला तेव्हा मला वाईट नाही, हायसं वाटलं. आपल्या अप्पलपोटेपणाला नियमाची आयती ढाल मिळाली, की असं हायसं वाटतं.

नियम फोटोंना आहे. मला जे कळलं, त्याला नाही. कुठल्या फाइलमध्ये काय आहे, कुठलं शीर्षक फसवं आहे, कुठल्या गठ्ठ्यात माझे तीन दिवस फुकट गेले, हे सगळं माझ्या वहीत आहे. तिसऱ्या दिवशी मी 41 फायलींची यादी टाइप केली, प्रत्येकीपुढे दोन ओळी लिहिल्या, आणि पाठवली. फोटोंबद्दल लायब्ररीला ईमेल करून विचारलं. माझं प्रकरण मात्र पाठवलं नाही. तेवढा मोठा मी अजून झालो नाही.

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे, असं आता वाटतं. गावातून एकालाच तालुक्याला जाता आलं, तर तो येताना चार घरांची कामं करून येतो. हे तसं आहे. न गेलेल्यांचं काहीतरी आपल्या पिशवीत असतं, आणि ते त्यांच्या दारी पोचवेपर्यंत प्रवास संपत नाही.

तिचं उत्तर रात्री आलं. 'यातल्या दोन प्रकरणांचे मुंबईकडचे कागद मी इथल्या पुराभिलेखागारात वाचलेत. माझ्या नोंदी पाठवू?'

या वेळी मी दोन दिवस लावले नाहीत.